झुकिनीची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात? फवारणीआधी सकाळचं फूल बघा

दिवाळी सरली की ओळखीतलं कुणी ना कुणी मला हेच विचारतं. "झुकिनीला पानं ही एवढाली, फुलं रोज येतात, फळही धरतं. पण बोटाएवढं झालं की टोकाकडून पिवळं पडतं, मऊ होतं आणि गळून जातं. काय फवारू?"

काही फवारू नका. निदान उद्या सकाळपर्यंत तरी नको.

मी धुळ्यात, पांझरा नदीपलीकडे देवपुरात राहते. घरामागे बारा बाय पंधरा फुटांची काळ्या मातीची जागा आहे आणि गच्चीवर सहा मोठ्या ग्रो बॅग. पहिल्या दोन हिवाळ्यांत माझ्याकडेही शब्दशः हेच झालं. पहिल्या वर्षी मला वाटलं, खत कमी पडतंय. म्हणून शेणखत घातलं, वरून दर आठवड्याला १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचं खत पाण्यात विरघळवून दिलं. झाड असं माजलं की एकेक पान सुपाएवढं झालं, आणि फळं तशीच गळत राहिली. दुसऱ्या वर्षी वाटलं, कीड असणार. कृषी केंद्रातून एक कीटकनाशक आणलं, सोबत नीम तेल, आणि दर रविवारी सकाळी आठ वाजता, हाताला वेळ असतो म्हणून, मन लावून फवारणी केली. चार झाडांवरून स्वयंपाकघरात पोचल्या तीन झुकिनी.

तिसऱ्या वर्षी उलगडा केला शेजारच्या आक्कांनी. त्या साक्रीकडच्या, सगळं आयुष्य शेतात गेलेलं. विरजण मागायला सकाळी मागच्या दाराने आल्या आणि झाडापाशी थांबल्या. "हाई काय शे वं?" मी सांगितलं, डांगराच्याच, म्हणजे लाल भोपळ्याच्या, जातकुळीतलं आहे, पण वेल पसरत नाही, आणि फळ टिकत नाही. त्यांनी वाकून एका फुलात बघितलं, मग दुसऱ्या, मग आजूबाजूला बघितलं. म्हणाल्या, "फूल ते शे, पन माशी कोठे शे?"

माशी, म्हणजे मधमाशी, नव्हतीच. दर रविवारी सकाळी आठला मीच ती पळवून लावत होते.

फळ 'धरलं' असं आपण म्हणतो, तिथेच गल्लत होते

झुकिनीच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन वेगळी फुलं येतात. नर फूल लांब, बारीक देठावर सरळ उभं राहतं. आत डोकावलं तर मधोमध एकच दांडी आणि तिच्यावर हळदीसारखी पूड, म्हणजे पराग, दिसते. मादी फुलाचा देठ आखूड आणि जाड, आत तीन फुगीर भागांचा चिकट गड्डा, आणि फुलाच्या खाली, फूल उमलायच्याही आधीपासून, इवली झुकिनी तयार असते. ती बघून आपण खूश होतो की फळ धरलं. ते अजून धरलेलं नसतं. नर फुलातली पूड त्या चिकट गड्ड्यावर पोचली तरच ती इवली झुकिनी पुढे वाढते. नाही पोचली, तर झाड तीन-चार दिवसांत तिला सोडून देतं. टोकाकडून, म्हणजे फूल होतं त्या बाजूने, ती पिवळी पडते, सुरकुतते, मऊ होते. मग त्या सडलेल्या टोकावर बुरशी दिसते आणि आपण बुरशीचं औषध आणायला धावतो. बुरशी नंतर आलेली असते.

ही पूड जड आणि चिकट असते, वाऱ्याने उडून जात नाही. तिला मधमाशी किंवा भुंगाच लागतो, आणि एकदा येऊन भागत नाही. एका फुलावर अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात, तेव्हा फळात पुरेसं बी धरतं. त्यात फूल उमलतं एकाच सकाळी. पहाटे उघडतं आणि उन्हं चढली की दहा-अकरापर्यंत पिळलेल्या रुमालासारखं मिटून जातं, ते पुन्हा उघडत नाही. तेवढ्या चार तासांत माशी आली तर आली.

अर्धवट फळ बघितलंय का कधी? देठाकडे चांगलं गुटगुटीत आणि टोकाकडे निमुळतं, वाकडं झालेलं? तिथे पूड पोचली होती, पण कमी पोचली. जिथे बी धरलं तिथे फळ फुगलं, बाकीचं तसंच राहिलं. हे फळ खायला चांगलं असतं, तोडून भाजी करा. आणि नर फुलं दुसऱ्या दिवशी गळून आळ्यात पडलेली दिसली तर घाबरू नका. त्यांचं काम संपलेलं असतं.

हाताने पूड कशी लावायची

सकाळी साडेसहा ते नऊच्या मध्ये झाडापाशी जा. आज उमललेलं नर फूल शोधा आणि आतल्या दांडीला बोटाचं टोक लावून बघा. बोटाला पिवळं लागलं पाहिजे. डिसेंबरात दव पडलेलं असलं तर पूड ओली होऊन गोळा झालेली असते. अशा वेळी अर्धा तास थांबा, ऊन लागलं की मोकळी होते. मग फूल देठासकट तोडा आणि पाकळ्या केळ्याच्या सालीसारख्या खाली ओढून काढून टाका. हातात राहील तो देठ आणि त्यावर पुडीची दांडी. हाच आपला ब्रश. वेगळा रंगाचा ब्रश आणायची गरज नाही, निम्मी पूड त्याच्या केसांतच अडकून राहते.

आता मादी फुलाची पाकळी एका हाताने हळूच बाजूला करा आणि ती दांडी आतल्या गड्ड्यावर टेकवून फिरवा. तिन्ही भागांना पूड लागली पाहिजे. एकाच बाजूला लावली की तेच वाकडं फळ मिळतं. घासू नका, गड्डा कोवळा असतो. काम नीट झालं की त्या हिरवट-पिवळ्या गड्ड्यावर हळद भुरभुरल्यासारखी दिसते. एका नर फुलात दोन मादी फुलं सहज होतात.

मी त्या वर्षी आठ मादी फुलं घेतली. पाचांना पूड लावून देठाला लाल लोकरीचा तुकडा सैल बांधला, तीन तशीच सोडली. चौथ्या दिवशी लोकरवाल्या पाचांतल्या चार झुकिनी दुपटीने लांब होऊन चकाकत होत्या, आणि सोडलेल्या तिन्ही टोकाकडून पिवळ्या. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांना मी हाच लोकरीचा प्रयोग करायला सांगते. चार दिवसांत स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

दुधीचं किंवा गिलक्याचं नर फूल इथे उपयोगाचं नाही. त्या प्रजाती वेगळ्या, त्यांची पूड झुकिनीला चालत नाही. म्हणून एकच झाड लावू नका, तीन-चार लावा, आणि तेही आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. एकावर नर नसला तर दुसऱ्यावर मिळतो. बियाण्याच्या पाकिटावर परागीभवनाशिवाय फळ धरणारी जात असं लिहिलेलं असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. अशा जाती मिळतात, बी महाग असतं, पण चौथ्या मजल्यावर जिथे माशीच फिरकत नाही तिथे मी तरी तीच घेईन.

माशी परत आणायची तर जवळ तुळस मंजिरीवर येऊ द्या, झेंडू लावा, कोपऱ्यात मूठभर मोहरी टाका. माझ्याकडे तुळशीच्या मंजिऱ्या खुडणं बंद केल्यावर सर्वांत जास्त फरक पडला. आणि फवारणी, अगदी नीम तेलाचीसुद्धा, करावीच लागली तर सूर्य मावळताना करा, फुलं मिटलेली असताना.

सगळीच गळ परागाची नसते. गळलेलं फळ कापून बघा

हे मी आग्रहाने सांगते, कारण वरून चारही दुखणी सारखीच दिसतात. पिवळं पडलेलं फळ उभं चिरा.

आत स्वच्छ, बिया अगदी चपट्या, कागदासारख्या, अळी नाही: पराग पोचला नाही.

आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळतात, आणि वरच्या सालीवर सुई टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकासारखा थेंब आलेला: फळमाशी. ही माशी कोवळ्या फळात अंडी घालते. क्यू ल्यूरचा (माशीला वासाने ओढणारा) सापळा लावता येतो, पण त्यात नर माश्या अडकतात आणि छोट्या बागेत बाहेरून माद्या येतच राहतात. घरच्या चार झाडांना माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पूड लावून झाल्यावर, फूल मिटलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फळावर वर्तमानपत्राची किंवा जाळीच्या कापडाची सैल पिशवी चढवणं. किडलेलं फळ मात्र कंपोस्टमध्ये टाकू नका, आळ्याजवळ तर अजिबात नको. अळी जमिनीत शिरते, कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा.

फळ बऱ्यापैकी वाढलेलं, वीतभर म्हणा, आणि टोकाला तपकिरी-काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग: हे पाण्याचं दुखणं. त्याबद्दल खाली लिहिते, कारण आपल्याकडे ते फार होतं.

टोकावर वाळलेलं फूल चिकटून राहिलेलं आणि त्यावर राखाडी केसांसारखी बुरशी, केसांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके: ही पावसाळी हवेतली ओली कूज. फळ काढून टाका, आणि इथून पुढे फूल सुकलं की ते हलकेच फिरवून फळापासून वेगळं करायची सवय लावा. ऊन आणि वारा मिळाला की हे आपोआप आटोक्यात येतं.

आणखी एक गोष्ट कळायला मला वेळ लागला. झाडावर आधीच तीन-चार फळं वाढत असली की नवीन आलेलं एखादं फळ झाड स्वतःहून टाकतं. हे दुखणं नाही. तयार झालेली काढून घ्या, पुढची टिकतात.

काळी माती आणि दिवसाआडचं पाणी

चामड्यासारख्या काळ्या टोकावर लोक अंड्याची टरफलं सुचवतात. हा डाग कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत न पोचल्याने पडतो, इतकं खरं आहे. पण आपल्या काळ्या जमिनीत चुन्याची वाण नसते. खोदलं की चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. कॅल्शियम मातीत असतं, ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाण्याचाच नेम नसतो. नळ आला त्या दिवशी आळं भरून वाहतं, मग तीन दिवस कोरडं. काळी माती सुकली की भेगाळते, भेगांमध्ये बारीक मुळं तुटतात. पुन्हा पाणी आलं की ती फुगून चिखल होते आणि मुळांना हवा मिळत नाही. झाड दोन्हीकडून अडकतं.

जमिनीत कायम वाफसा राहिला पाहिजे. मातीचा गोळा हातात घेऊन दाबला तर जमावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, इतपत ओल. त्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. एक, आळ्याऐवजी वीतभर उंच गादीवाफा केला आणि त्यात शेणखत भरपूर मिसळलं, म्हणजे पाणी तुंबत नाही. दोन, चार बोटं जाडीचं आच्छादन घातलं. रावेर-यावलकडे ज्यांची घरं आहेत त्यांच्याकडे केळीची वाळलेली पानं फुकट मिळतात, त्याहून चांगलं आच्छादन नाही. मी उसाचं पाचट आणि कडुनिंबाचा पाला वापरते. नळ दिवसाआड येत असेल तर टाकीतलं पाणी साठवून रोज सकाळी थोडं द्या. ठिबकची एक नळी टाकलीत तर उत्तमच, खान्देशात ती कुठेही मिळते आणि बसवणारा माणूसही.

गच्चीवरच्या बॅगेचं थोडं वेगळं आहे. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं असेल तर तिथे खरंच कॅल्शियम कमी पडू शकतं, म्हणून एक तृतीयांश तरी माती हवीच. बॅग किमान १८ बाय १८ इंचांची, आणि एका बॅगेत एकच झाड. दोन लावून दोन्ही रडवू नका. जमिनीत दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवा. युरियाचा मोह सोडा. नत्र जास्त झालं की पानं वाढतात, फळांच्या वाट्याला काही उरत नाही. माझ्या पहिल्या वर्षाची सुपाएवढी पानं त्याचीच होती.

आपल्याकडे हे हिवाळ्याचं पीक आहे

झुकिनीचे पूर्वज अमेरिका खंडातले, आणि आजची झुकिनी इटलीत घडली. तिकडचे व्हिडिओ बघून लोक एप्रिल-मेमध्ये बी पेरतात, कारण इंग्लंडात तेव्हाच पेरतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला सौम्य हिवाळा. भुसावळच्या ४४-४५ अंशांत ते झाड काय करणार?

तापमान आणि दिवसाची लांबी यांवर कोणती फुलं जास्त येणार हे ठरतं. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की नर फुलं वाढतात, थंडीत आणि छोट्या दिवसांत मादी फुलं जास्त येतात. म्हणून मार्चमध्ये "फुलंच फुलं, एकही मादी नाही" अशी तक्रार येते, आणि जानेवारीच्या कडाक्यात उलटी: "मादी दिसतात, नरच नाही." दोन्ही वेळा झाड निरोगी असतं. शिवाय पारा पस्तिशीच्या वर गेला की परागाचा जीवही कमी होतो, हाताने लावूनही फळ धरत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधली तर दोन-तीन आठवडे वाढवून मिळतात, त्याहून जास्त नाही.

माझा हिशेब असा. पहिली पेरणी नवरात्राच्या आसपास, पाऊस ओसरला की. पुढची दोन-तीन झाडं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. बी थेट जागेवर, इंचभर खोल. रोप उपटून लावलेलं या झाडाला आवडत नाही, लावायचंच तर कागदी कपात करून कपासकट लावा. पेरल्यापासून साधारण ४५ ते ५५ दिवसांत पहिली तोड येते, थंडी जास्त असली तर थोडी उशिरा. जूनमध्ये पेरू नका. पावसाळ्यात फळमाशी आणि कूज मिळून काही शिल्लक ठेवत नाहीत.

पानांबद्दल थोडक्यात

पानावर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी ठिपक्यांची नक्षी असेल, सगळ्या पानांवर सारखी, आणि बोटाने पुसली जात नसेल, तर तो त्या जातीचा गुण आहे. त्यावर औषध मारू नका. पुसल्यावर पिठासारखं बोटाला लागलं तर ती भुरी नावाची बुरशी. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सुरुवातीलाच. फार वाढलेली खालची पानं कापून टाका. गंधक चालतं, पण ३२ अंशांच्या वर गेलेल्या दिवशी मारलं तर पान करपतं.

रोप दोन पानांवर असताना तांबडे भुंगे ते चाळणीसारखं करतात. सकाळी थंडीत ते सुस्त असतात, हाताने वेचा, पानांवर चुलीची राख भुरभुरा.

पानं चुरडून, पिवळी-हिरवी चट्टेदार होऊन, फळावर गाठी आल्या तर तो विषाणू. मावा आणि पांढरी माशी असले रोग पसरवतात. डिसेंबर-जानेवारीत आजूबाजूची कपाशी उपटली जाते तेव्हा तिच्यावरची पांढरी माशी आसरा शोधत आपल्या बागेत येते, त्या पंधरवड्यात पिवळे चिकट सापळे लावून ठेवा. विषाणू लागलेल्या झाडाला औषध नाही. जीव तुटतो, पण त्याच दिवशी उपटा, नाहीतर शेजारची तिन्ही जातील.

फळ हाताच्या वितीएवढं, १५ ते २० सेंटीमीटरचं झालं की काढा, दिवसाआड चक्कर मारा. एकही फळ डांगराएवढं होऊ दिलंत तर झाडाची सगळी ताकद त्यातल्या बियांकडे जाते. तोडल्यावर एक चकती कच्ची जिभेला लावून बघा. कडू लागली तर ती झुकिनी आणि त्या झाडावरची सगळी फळं टाकून द्या, शिजवूनही तो कडूपणा जात नाही आणि तो विषारी असतो. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. दुधीबाबत आपल्या घरात ही सावधगिरी असते, तीच इथेही पाळा.

जास्तीची नर फुलं वाया घालवू नका. एक-दोन झाडावर ठेवून बाकीची बेसनात बुडवून तळा, डांगराच्या फुलांच्या भज्यांसारखीच लागतात. झुकिनीचं भरीत मात्र मला कधी जमलं नाही, पाणी फार सुटतं. हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून मोठ्या आचेवर पाच मिनिटं परतलेली भाजी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर छान लागते.

होळी झाली, झाडावर आठवडाभर एकही मादी फूल नाही आणि दुपारी पानं लोळण घेतायत अशी वेळ आली, की खत-पाणी वाढवून ते झाड ओढत बसू नका. उपटा, आच्छादन बाजूला सारा, वाफा उकरून चार दिवस उन्हात तापू द्या आणि त्याच जागी गवार टोका.